तारीख, दिनांक आणि एक तिरकी रेघ

एका वाचनालयाच्या संकेतस्थळाचं काम मी करत होतो. वर्षभराच्या कार्यक्रमांची वही समोर ठेवून सगळ्या तारखा संगणकात भरल्या आणि पान उघडून पाहिलं, तर ५ मार्चचं व्याख्यान ३ मेला जाऊन बसलेलं आणि २५ मार्चचा काव्यवाचनाचा कार्यक्रम चक्क १ जानेवारी १९७० ला. वही एकच, तारखा लिहिणारा हातही एकच, पण चुका दोन तऱ्हांच्या.

संकेतस्थळ पीएचपीत लिहिलेलं होतं. वहीत तारखा आपण सगळे लिहितो तशाच होत्या, तिरकी रेघ देऊन: ०५/०३/२०२४. अशा मजकुराचा अर्थ लावायला पीएचपीत ‘स्ट्र-टू-टाइम’ नावाचं फंक्शन आहे. तिरकी रेघ दिसली की ते अमेरिकी रीत धरतं, म्हणजे आधी महिना, मग दिवस. तेच आकडे आडव्या रेघेनं लिहिले, ०५-०३-२०२४, की आधी दिवस धरतं. म्हणून ५ मार्चचा ३ मे झाला. २५/०३ मध्ये त्याला पंचविसावा महिना सापडेना, तेव्हा त्यानं ‘नाही’ असं उत्तर दिलं. पुढच्या ‘डेट’ फंक्शननं ते ‘नाही’ शून्य म्हणून घेतलं आणि शून्याची तारीख छापली, १ जानेवारी १९७०. यातली दुसरी चूक बरी, कारण ती लगेच डोळ्यांत खुपते. पहिली घातक. दिवस आणि महिन्याचा आकडा एकच असेल तो दिवस सोडला, तर महिन्याचे पहिले बारा दिवस ती निमूटपणे चुकीची, पण दिसायला चोख तारीख देत राहते.

दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. डोक्यात मात्र शब्द घोळत राहिले. आपण ‘तारीख’ म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो?

‘तारीख’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. अरबीत त्याचा अर्थ दिनांक आणि इतिहास, दोन्ही. विजापूरच्या आदिलशाहीत लिहिलेल्या फिरिश्ताच्या इतिहासग्रंथाला ‘तारीख-ए-फिरिश्ता’ म्हणतात, ते याच अर्थानं. याच भाषाकुळातल्या हिब्रूत ‘यारेआह’ म्हणजे चंद्र आणि ‘येरह’ म्हणजे महिना; तारीख त्यांचीच नातलग. चंद्र पाहून दिवस मोजणाऱ्यांचा हा शब्द मराठीत आज इंग्रजी कॅलेंडरच्या दिवसासाठी पक्का झाला आहे. चंद्राचा दिवस सांगायला आपण ‘तिथी’ राखून ठेवली. शिवजयंती तारखेप्रमाणे की तिथीप्रमाणे, हा प्रश्न मराठी घरातल्या पोरालाही कळतो. १९ फेब्रुवारी आणि फाल्गुन वद्य तृतीया १६३० साली एकाच दिवशी होत्या. आता त्या दर वर्षी वेगवेगळ्या दिवशी येतात. म्हणजे नुसता दिवस सांगून भागत नाही, मोजणी कोणती तेही सांगावं लागतं, ही जाण आपल्या भाषेत मुरलेली आहे.

जुन्या पत्रांतली ‘मिती’ तर उघडच मोजणी सांगते. ‘मा’ म्हणजे मोजणे, या धातूपासून ती आली. माप, मान, परिमाण ही तिची भावंडं. ‘दिनांक’ त्या मानानं नवा, सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून रुळलेला. शब्द सुबक आहे, पण त्याचा अक्षरार्थ फक्त ‘दिवसाचा अंक’. छापील अर्जावर ‘दिनांक’ लिहून पुढे तीन चौकटी असतात. खरा दिनांक त्यातल्या एकाच चौकटीत मावतो. उरलेल्या दोन महिन्याच्या आणि वर्षाच्या. इंग्रजी ‘डेट’चं मूळ आणखी निराळं. लॅटिन पत्राच्या शेवटी अमुक ठिकाणी, अमुक दिवशी ‘दिलं’ असं लिहीत. ते ‘दिलं’ म्हणजे ‘दाता’, त्यातूनच ‘डेट’ निघाला आणि ‘डेटा’सुद्धा. संगणकाच्या पडद्यावर रोज भेटणारे हे दोन शब्द मुळात एकच आहेत.

आता ते १९७०. युनिक्स प्रणालीनं काळ मोजायची सुरुवात १ जानेवारी १९७० च्या जागतिक प्रमाणवेळेतल्या मध्यरात्रीपासून धरली. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्या क्षणापासून उलटलेले सेकंद म्हणजे संगणकाची वेळ. इंग्रजीत या क्षणाला ‘इपॉक’ म्हणतात; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ थांबणं, थांबून धरलेला बिंदू. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही. ‘शक’ हे मुळात एका लोकसमूहाचं नाव. इसवी सन ७८ पासूनच्या कालगणनेला ते चिकटलं आणि पुढे कोणत्याही कालगणनेला शक म्हणू लागले. १६७४ साली राज्याभिषेक शक सुरू झाला, तो असाच. १ जानेवारी १९७० हा संगणकाचा शकारंभ. हा शब्द मी आता कामात रोज वापरतो आणि नवशिक्यांना तो एका दमात समजतो.

एका अक्षराची गोष्टही सांगायला हवी. पीएचपीत तारखेचा साचा अक्षरांनी सांगतात. धाकटा ‘एम’ म्हणजे महिना. मिनिटाचंही आद्याक्षर तेच, पण ते आधीच घेतलेलं, म्हणून मिनिटाला ‘आय’ मिळाला. वेळ दाखवताना चुकून ‘एम’ लिहिला, की मार्चभर दहाच्या तासात कधीही पाहा, घड्याळ १०:०३ च दाखवतं. मराठीतही महिना आणि मिनिट दोन्ही ‘म’चेच. महिन्याचं नातं फारसी ‘माह’शी, म्हणजे चंद्राशी, मिनिट लॅटिनमधून, ‘लहान केलेला भाग’ या अर्थाचं. शब्दांची कुळं वेगळी, अक्षर मात्र एक.

आपल्या जुन्या कारकुनांनी आकड्यांच्या क्रमाचा गोंधळ कसा टाळला, ते पेशवाईतल्या कागदांत दिसतं. तिथे शुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या एका कालगणनेचं वर्ष, शब्दांत असा येतो: ‘समान खमसैन मया अलफ’. समान म्हणजे आठ, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार. झाले ११५८. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी १७५७-५८. आकडा लहानाकडून मोठ्याकडे वाचायचा आहे, पण प्रत्येक शब्द आपलं स्थान स्वतः सांगतो. आठ हे आठच, पन्नास हे पन्नासच. उलटं वाचलं तरी बेरीज बदलत नाही. ०५/०३ मधला पाच मात्र आपण दिवस की महिना, हे सांगत नाही.

त्या संकेतस्थळावर मी शेवटी तेच केलं. ‘क्रिएट फ्रॉम फॉरमॅट’ वापरून आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, असं पीएचपीला स्पष्ट सांगितलं. साठवताना वर्ष-महिना-दिवस हा आयएसओ ८६०१ चा क्रम ठेवला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या आंतरराष्ट्रीय मानकातला क्रम संगणकाला लावायला सोपा आणि वाचायला निःसंदिग्ध. वाचकासाठी महिना अक्षरांत छापला.

पत्रिका असो, सूचनाफलक असो की परदेशातल्या नातेवाइकांना पाठवायचा निरोप, महिना अक्षरांत लिहा. ‘५ मार्च’ पुण्यात आणि न्यू जर्सीत सारखाच वाचला जातो, ०५/०३ नाही.