खासगी दवाखान्याचा दर कोण ठरवते? योजना, कोर्ट आणि भिंतीवरचा फलक

नरखेड, काटोल, उमरेड, भिवापूर, रामटेक, पारशिवनी. कोणत्याही तालुक्यातून सिरीयस पेशंट निघाला की गाडी शेवटी नागपूरलाच येते. मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स की धंतोली-रामदासपेठेतला खासगी दवाखाना, हे बहुतेक वेळा वाटेतच ठरते. घरच्यांचा प्रश्न एकच असतो, खर्च किती येईल? आणि खासगी दवाखाना असला तर या प्रश्नाचं पक्कं उत्तर भरती होण्याआधी क्वचितच मिळते.

खासगी दवाखान्यांच्या दरावर सरकारचं नियंत्रण आहे, असा अनेकांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. एकाच दवाखान्यात शेजारच्या दोन खाटांवर एकाच ऑपरेशनचे दोन पेशंट असू शकतात. एकाचा दर सरकारने ठरवलेला, दुसऱ्याचा दवाखान्याने. पहिला योजनेत भरती झालेला, दुसरा खिशातून पैसे भरणारा. सरकार जिथं स्वतः पैसे देते तिथंच दर बांधते. पेशंट देतो तिथं महाराष्ट्रात आजही दर बांधलेला नाही.

योजना कशी वाढत गेली

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती त्यात होते, नागपूर नव्हतं. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी ती राज्यभर लागू झाली, आणि तो कार्यक्रम नागपुरातच सोनिया गांधी यांच्या हस्ते झाला. २०१७ मध्ये योजनेचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार आणि ९७१ आजार, असा हिशेब होता. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी आली आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही एकत्र चालू लागल्या.

इथं नागपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. पिवळं, केशरी, अंत्योदय आणि अन्नपूर्णा कार्डवाले योजनेत होते. पांढरं कार्ड बाहेर होतं. सूट होती ती फक्त शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना. वर्धा आणि अमरावती या चौदांत होते, नागपूर नव्हतं. म्हणजे वरुडच्या संत्रा उत्पादकाला पांढऱ्या कार्डावर सातबारा दाखवून योजना मिळत होती, आणि सीमेच्या अलीकडे नरखेडचा तोच संत्रा, तोच भाव, तीच गारपीट असलेला शेतकरी बाहेर होता. वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या वर गेलं की कार्ड पांढरं. दोन चांगल्या बहारांत झालेली ही ‘श्रीमंती’ एका ॲन्जिओप्लास्टीत निघून जात होती. कोविडच्या काळात मे २०२० मध्ये सरकारने तात्पुरती सर्वांना सवलत दिली.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने कार्डाच्या रंगाची अट काढून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना योजनेत घेतलं. प्रत्यक्ष अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून झाली. मर्यादा वर्षाला पाच लाख, उपचार १,३५६. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही यादी २,३९९ उपचारांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केलं. घरातलं कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर म्हाताऱ्या माणसाला त्याशिवाय वेगळे पाच लाख आहेत.

कागदावर यापेक्षा जास्त काय पाहिजे? अडचण पुढेच सुरू होते.

डॉक्टरांची बाजू

योजनेत प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं आहे. त्यात खाट, ऑपरेशन, भूल, तपासण्या, औषधं, जेवण, सुटीनंतर दहा दिवसांची औषधं आणि परतीचं भाडंही धरलेलं आहे. दवाखान्याने पेशंटकडून वेगळा पैसा घ्यायचा नाही. मंजुरी आधी मागायची, उपचार करायचे, मग क्लेम टाकायचा.

शेतकऱ्याला हे लवकर समजावं. सरकारने हमीभाव जाहीर केला आणि खुल्या बाजारात भाव वर गेला, तर कोणता कास्तकार सरकारी केंद्रावर माल नेतो? खासगी दवाखान्यांचं म्हणणं असंच आहे. पॅकेजचे दर खर्चाला पुरत नाहीत, वर्षानुवर्षे वाढत नाहीत, क्लेममध्ये कपात होते आणि पैसा महिनोन्‌महिने अडकतो. कापसाचे चुकारे थकल्यावर गावाचं काय होते हे ज्याने पाहिलं आहे, त्याला थकलेल्या क्लेमची तक्रार खोटी वाटणार नाही.

मोठा कॉर्पोरेट दवाखाना हे सहन करतो, किंवा यादीतल्या फायद्याच्या शाखाच योजनेत ठेवतो. तालुक्याच्या गावातल्या दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होमची गोष्ट वेगळी. तिथं भूलतज्ज्ञ नागपुरातून येतो आणि केस झाली की त्याचे पैसे त्याच दिवशी द्यावे लागतात. ऑक्सिजन, जैविक कचऱ्याची गाडी, अग्निसुरक्षेची तपासणी, परिचारिकांचे पगार, हा सगळा खर्च रोखीचा, आणि योजनेचा पैसा मात्र मागाहून. त्यात खाटांची, मनुष्यबळाची अट असते. म्हणून योजना सर्वांसाठी झाली तरी योजनेचा दवाखाना सर्वांजवळ आला नाही. भिवापूर-कुहीच्या पेशंटला कार्ड घरात मिळते, उपचारासाठी गाडी नागपूरलाच करावी लागते. या गाडीभाड्याचा, सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब कोणत्याही पॅकेजात नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. १,३५६ उपचारांच्या यादीतले ११९ उपचार फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखीव होते. ते खासगीत योजनेतून होत नव्हते, दवाखाना योजनेत असला तरी. ‘योजनेत बसत नाही’ असं उत्तर मिळालं की ते दरवेळी डॉक्टरची टाळाटाळच असते असं नाही. पण दरवेळी ते खरंच असते, असंही नाही. म्हणून आरोग्यमित्राला विचारायचं, काउंटरवरच्या माणसाला नाही.

नागपूर खंडपीठाचा निकाल

खिशातून पैसे भरणाऱ्या पेशंटसाठी दर बांधण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्रात एकदाच झाला, कोविडमध्ये. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी दवाखान्यांच्या ८० टक्के खाटांवर सरकारी दर लावले. साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. १ जून २०२१ ला शहरांचे वर्ग पडले. नागपूर ‘अ’ वर्गात राहिलं, तालुक्यांचा ग्रामीण भाग ‘क’ वर्गात गेला. तिथं हेच दर २,४००, ४,५०० आणि ५,४०० झाले.

दर ठरला, पण बिल ठरलं नाही. पीपीई किट, महागडी इंजेक्शनं, मोठ्या तपासण्या या दराच्या बाहेर होत्या. लोकांनी मंगळसूत्रं गहाण टाकली ती खाटेच्या भाड्यापायी कमी आणि या ‘बाहेरच्या’ पानापायी जास्त.

या अधिसूचनांचा काही भाग कोविड नसलेल्या पेशंटच्या दरांनाही हात घालत होता. नागपुरातल्या हॉस्पिटल असोसिएशनने त्याला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आव्हान दिलं. ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल लागला. कोविड नसलेल्या पेशंटकडून खासगी दवाखान्याने किती घ्यावे हे ठरवण्याचा अधिकार सरकारला या अधिसूचनांनी मिळत नाही, असं खंडपीठाने सांगितलं. डॉक्टरांसाठी हा मोठा विजय होता. पेशंटसाठी त्याचा अर्थ सरळ आहे. हार्टचा, हाडाचा, बाळंतपणाचा दर दवाखाना ठरवेल, आणि बदल हवा असेल तर विधिमंडळाने कायदा करावा लागेल.

कायदा मात्र झाला नाही. केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा. त्याच्या २०१२ च्या नियमांत केंद्राने राज्यांशी बोलून दराची मर्यादा ठरवावी असं आहे. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. आपला स्वतंत्र कायदा करू म्हणून २०१४ मध्ये मसुदा झाला, तो तसाच राहिला. दुसरीकडे राज्यांनी हात घातला तेव्हा डॉक्टर रस्त्यावर आले. कर्नाटकात नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि राजस्थानात आरोग्य हक्क कायद्यावरून मार्च २०२३ मध्ये खासगी दवाखाने बंद राहिले. बंदच्या दिवसांत त्रास झाला तो ज्याच्यासाठी कायदा होता त्यालाच.

सुप्रीम कोर्टात २७ फेब्रुवारी २०२४ ला हा विषय पुन्हा आला. याचिकेत मोतीबिंदूचं उदाहरण होतं. सरकारी व्यवस्थेत एका डोळ्याला सुमारे १०,००० आणि खासगीत ३०,००० पासून १,४०,००० पर्यंत. केंद्राने दर ठरवावेत, नाही तर केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेचे दर तात्पुरते लावण्याचा विचार करू, असं न्यायालयाने सुनावलं. इंडियन मेडिकल असोसिएशनने विरोध केला. मुंबईचं भाडं आणि मौद्याचं भाडं सारखं नाही, मग दर एक कसा, हा त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण दर एक नसावा म्हणजे दर नसावाच, असं होत नाही. कोविडमध्ये ‘अ, ब, क’ करून सरकारने ते दाखवलं होतं.

फलक पाहा

महाराष्ट्रात आज जे आहे ते १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याचे नियम, १४ जानेवारी २०२१ ला सुधारलेले. दर किती असावा हे ते सांगत नाहीत. जो असेल तो लिहून लावा, एवढं सांगतात. भरती शुल्क, खाटेचं भाडं, आयसीयू, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, ऑक्सिजन, सोनोग्राफी अशा १५ सेवांचे दर आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात पाहिजे. फलक नसेल तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि तालुक्यात जिल्हा आरोग्य प्रशासनाकडे तक्रार करता येते. फलकाचा फोटो भरतीच्या वेळीच काढून ठेवला तर सुटीच्या वेळी बोलायला आधार राहतो.

खर्चाचा अंदाज, तपशीलवार बिल मागण्याचा आणि औषध कुठून घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क सनदेत आहे. उपचाराची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत देणं २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनी डॉक्टरला बंधनकारक आहे. दवाखान्याच्या दुकानातूनच औषध घ्या म्हणणाऱ्यांचा विषय मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे होता. न्यायालयाने धोरण ठरवण्याचं काम राज्यांवर सोडलं.

तिसरा रस्ता धर्मादाय दवाखान्यांचा. जमीन किंवा करात सवलत घेतलेल्या ट्रस्टच्या दवाखान्यांना सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्याची योजना घालून दिली. निर्धनासाठी वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारापर्यंत, दुर्बलासाठी ३ लाख ६० हजारापर्यंत. तातडीच्या वेळी अशा पेशंटकडून डिपॉझिट मागता येत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागतात, आणि तो पेशंट भरती असताना काढायला गेलं की दोन दिवस जातात. पिकाच्या कामातून एक सकाळ काढून आधीच करून ठेवण्यासारखं हे काम आहे.

योजनेत भरती करायचं असेल तर पहिल्याच दिवशी सांगावं. रोखीने भरती होऊन चौथ्या दिवशी कार्ड काढलं तर आधीचे पैसे परत मिळवणं कठीण जाते. राशन कार्ड आणि आधार सोबत ठेवावं, आयुष्मान कार्डाची ई-केवायसी आशाताईंकडून किंवा सेवा केंद्रावरून करून घ्यावी. तातडीचा पेशंट असेल तर कागद नंतर देता येतात, फोनवर मंजुरी घेण्याची सोय दवाखान्याला आहे. बाहेरून दाखवून गोळ्या घेऊन जाण्याचा खर्च योजनेत नाही. दवाखाना योजनेत आहे की नाही आणि कोणत्या शाखेसाठी आहे, हे गाडी निघण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर विचारता येते. आयुष्मानसाठी १४५५५ आहे. पैसे मागितले तर तक्रारही याच नंबरांवर होते.