अंतर आणि पल्ला : अंतरमापकाच्या इतिहासाविषयी

इंग्रजीतील ‘रेंज’ या एकाच शब्दात मराठीतील ‘अंतर’ व ‘पल्ला’ हे दोन्ही अर्थ सामावले आहेत. शिकाऱ्याच्या दृष्टीने हा संकर निरुपद्रवी नव्हे.

इ. स. १८८८ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याच्या जाहिरातीवरून लीड्सच्या बार व स्ट्राउड या प्राध्यापकांनी रचलेले अंतरमापक कोनावरून अंतर काढी. त्याची अचूकता नळीच्या लांबीवर अवलंबून असल्याने ते खिशात मावणे अशक्यच होते. १९६० मध्ये मेमनने माणकाचा लेसर सिद्ध केला आणि कोनाची जागा कालाने घेतली. १५० मीटरांवर जाऊन परतण्यास प्रकाशाला अवघा १ मायक्रोसेकंद लागतो! पुढे अर्धवाहक लेसरामुळे हे यंत्र मुठीत मावू लागले.

मात्र विक्रेता ठळकपणे सांगतो तो आकडा बहुधा चकचकीत पाटीवरचा, म्हणजे यंत्राचा पल्ला असतो. हरणाच्या अंगावरून फारच थोडा प्रकाश परततो. निवड करताना हरणासाठी दिलेला लहान आकडाच पाहावा. डोंगरउतारावर आणखी एक फसगत होते. ३० अंशांच्या उतारावर यंत्राने ४०० मीटर दाखविले, तरी नेम धरण्यासाठी आडवे अंतर सुमारे ३४६ मीटरच धरावे लागते. हा हिशेब चुकला की गोळी वरून जाते, किंवा जनावर जखमी होऊन रानात नाहीसे होते.