लॉस एंजेलिसची चकाकी

दुसरं महायुद्ध संपलं आणि लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांमध्ये जुन्या मोटारी कापून नव्या घडवण्याचं वेड पसरलं. लिनवूडमध्ये जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांची वर्कशॉप त्या वेडाचं मोठं ठाणं होती. १९५२ साली तिथे बॉब हिरोहाटा या जपानी वंशाच्या तरुणाची १९५१ची मर्क्युरी तयार झाली. खांब कापून छत खाली उतरवलं गेलं आणि अंगाला हिरव्याच्या दोन छटा आल्या. त्या छटांच्या मधून गेली ब्युइक गाडीची क्रोमची पट्टी. त्या पिढीच्या कारागिरांची सारी दृष्टी या एका पट्टीत दिसते. कंपनीने लावलेले बिल्ले, नावं, दांड्या आधी उपटून काढायच्या, भोकं भरून पत्रा गुळगुळीत करायचा आणि मग चकाकी आपल्याला हवी तेवढीच, हवी तिथेच बसवायची. डेट्रॉईटच्या मोटार कंपन्यांची चाल नेमकी उलटी होती. १९५८च्या ब्युइकच्या जाळीवर कंपनीने क्रोमचे १६० चौकोनी तुकडे बसवले होते!

मोटारीवरचं क्रोम तेव्हा जेमतेम पाव शतकाचं होतं. हे मूलद्रव्य फ्रेंच रसायनज्ञ व्होक्लँ याने १७९७ सालीच सायबेरियातल्या तांबड्या खनिजात शोधलं होतं. ते लोखंडावर नीट बसवायला मात्र १९२४ उजाडलं. त्या सुमारास कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांनी क्रोमिक आम्लाच्या हौदात सल्फेटचं प्रमाण अचूक राखण्याची युक्ती बसवली. शंभर भाग क्रोमिक आम्लाला साधारण एक भाग सल्फेट, हे गणित प्लेटिंगवाले आजही पाळतात. त्याआधी मोटारींवर निकेलचा मुलामा असे. तो काळवंडायचा आणि सतत घासावा लागायचा. क्रोमला ती कटकट नव्हती.

पण वर दिसणारं क्रोम अर्ध्या मायक्रॉनइतकंही जाड नसतं. गंजापासून वाचवतं ते त्याखालचं निकेल, आणि आरशासारखी झाक येते ती त्याही आधी बफिंगच्या चाकावर तासन्‌तास धातू घासणाऱ्या माणसामुळे. राहिलेला प्रत्येक ओरखडा क्रोमखालून जसाच्या तसा दिसतो. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकेत निकेलवर निर्बंध आले, तेव्हा कंपन्यांनी तांब्यावर थेट पातळ क्रोम चढवून वर पारदर्शक लॅकर मारलं. त्या वर्षांतले बंपर लवकर गंजले. निकेल काय काम करत होतं, ते गाडीमालकांना तेव्हा कळलं.

क्रोमच्या वेडाचं शिखर बघायचं तर १९६९चा ‘ईझी रायडर’ हा चित्रपट बघावा. त्यातली ‘कॅप्टन अमेरिका’ ही मोटरसायकल जगातल्या सर्वांत ओळखीच्या गाड्यांपैकी एक. जुन्या हार्ले-डेव्हिडसनवर बांधलेली, लांबलचक फोर्क असलेली, आणि टाकी सोडली तर जवळजवळ सगळी क्रोमची, अगदी चासिसही. ती घडवण्यात क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांचा मोठा वाटा होता. हार्डीची वर्कशॉप दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये होती. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दोघांचंही नाव नव्हतं, आणि पुढची कित्येक वर्षं ती गाडी कुणी घडवली हे फारसं कुणी सांगतही नव्हतं. एका अख्ख्या पिढीला मोटरसायकलची स्वप्नं पाडणाऱ्या हातांवर झालेला हा उघड अन्याय आहे.

चासिसला क्रोम करण्यात एक धोकाही होता. प्लेटिंग होताना हायड्रोजन तयार होतो. तो कठीण पोलादात शिरला की पोलाद ठिसूळ होतं. म्हणून जाणते कारागीर असे भाग प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत तापवून हायड्रोजन बाहेर काढतात.

तोच हायड्रोजन कामगारांच्याही मुळावर उठला. क्रोमच्या हौदात सोडलेल्या विजेपैकी जेमतेम १० ते २० टक्के वीज क्रोम चढवण्यात खर्च होते. उरलेल्या विजेने वायूचे बुडबुडे उठतात, ते पृष्ठभागावर फुटतात आणि क्रोमिक आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. त्यातलं षट्‌संयुजी क्रोमियम नाकाच्या पडद्याला भोक पाडतं आणि फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरतं. १९९० साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात नक्की कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत, घातलं. कॅलिफोर्नियाने त्याआधीच, १९८६ साली, ते विषारी वायुप्रदूषक ठरवलं होतं.

लॉस एंजेलिस हवेच्या बाबतीत आधीच पोळलेलं होतं. डोळे चुरचुरवणारं इथलं धुरकं कशाने होतं, याचं उत्तर कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मिट या डच रसायनज्ञाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलं. मोटारींच्या धुरातली आणि हवेत उडणारी हायड्रोकार्बनं सूर्यप्रकाशात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून ओझोन बनवतात. रंगातलं थिनरही त्यात आलं. १९६६ साली लॉस एंजेलिस काउंटीने ‘नियम ६६’ करून अशा द्रावकांवर बंधनं घातली. ज्या खोऱ्यात गाड्यांवर जिवापाड रंग चढवला जात होता, तिथेच त्या रंगाच्या वाफेवर कायदा आला.

थिनर न लागणारा रंग तोवर जर्मनीत तयार होता. १९५०च्या दशकात एर्विन गेमर याने हवेच्या झोताने उकळत्या पाण्यासारखी खदखदणारी प्लास्टिकची पूड केली आणि तापवलेला लोखंडी भाग त्यात बुडवला. पूड वितळून अंगाला चिकटली. हा थर जाड होई, म्हणून पाइप आणि विजेचे भाग यांनाच तो शोभत असे. १९६०च्या दशकात पुडीला विजेचा भार देणारी गन आली आणि काम बदललं. रंगवायच्या भागाला अर्थिंग द्यायचं, भारित पूड त्याच्याकडे ओढली जाते. मग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत काही मिनिटांत ती वितळून, जुळून घट्ट होते. थर ६० ते ८० मायक्रॉनचा. खाली सांडलेली पूड गोळा करून पुन्हा वापरता येते, आणि थिनरची वाफ होतच नाही.

हौशी गाड्यांच्या जगात ही पुडीची रीत, म्हणजे पावडर कोटिंग, शिरली ती तळाकडून. चासिस, स्विंगआर्म, रिम यांवर खडे उडतात, तिथे साधा रंग टवके सोडतो आणि पावडर टिकते. कोपऱ्यांत मात्र विजेचं क्षेत्र पोचत नाही, पूड आत जायला तयार नसते. तिथे हात कुशल लागतो. दिसण्यात ती क्रोमच्या जवळ कधीच आली नाही. आरशासारखी म्हणून विकली जाणारी पावडरही वर पारदर्शक थर दिला की राखाडी पडते. पण तिने दुसरा मार्ग काढला. १९५०च्या दशकात जो बेलॉन या कारागिराने ‘कँडी ॲपल’ लाल प्रसिद्ध केला होता. खाली चमकदार थर, वर पारदर्शक रंग. पावडरवाल्यांनी तीच रीत उचलली, आणि त्या रीतीने केलेली कामंच त्यांच्याकडे सर्वांत देखणी ठरतात.

२०१६ साली लिनवूडला लागून असलेल्या पॅरामाउंट शहराच्या हवेत धातूकामाच्या कारखान्यांजवळ षट्‌संयुजी क्रोमियमचं प्रमाण वाढलेलं आढळलं. २०२३च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने शोभेच्या प्लेटिंगमधला त्याचा वापर २०२७पासून बंद करण्याचा नियम केला. कारखाना बंदिस्त करून घेणाऱ्यांना २०३०पर्यंत मुदत दिली. त्रिसंयुजी क्रोमचा कमी घातक पर्याय आहे, पण त्याची निळसर झाक मंद असते आणि जुन्या गाड्या मूळ रूपात आणणाऱ्यांना तो फरक लगेच खुपतो. त्यांचं दुखणं खरं आहे. हौदाशेजारी राहणाऱ्यांचं मात्र त्याहून मोठं.

ही गोष्ट आपल्यापासून फार लांब नाही. भारतातलं बहुतेक क्रोमाईट ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यातून निघतं. भोसरी-चाकणच्या गाळ्यांवर पावडर कोटिंगच्या पाट्या दिसतात, आणि जुनी बुलेट उजळवायला काढणारे रिम, हँडल, सायलेन्सर घेऊन अशा ठिकाणी जातात. क्रोमवर पावडर थेट मारली तर तिला धरायला खडबडीत जागाच मिळत नाही आणि ती सोलून निघते. म्हणून आधी क्रोम उतरवावं लागतं. कॉस्टिकच्या पाण्यात उलटी वीज देऊन ते उतरवलं की पाणी पिवळं होतं, कारण उतरलेलं क्रोम षट्‌संयुजी रूपात त्यात उरतं. ते पाणी आम्लधर्मी करून सोडियम बायसल्फाईट घातलं की हिरवट होतं, म्हणजे क्रोम त्रिसंयुजी झालं. मग चुना घालून ते गाळात खाली बसवायचं आणि तो गाळ घातक कचरा म्हणून वेगळा पाठवायचा.