परगावचा प्रेक्षक

जे. बी. प्रीस्टली यांच्या ‘द गुड कंपॅनियन्स’ (१९२९) या कादंबरीच्या आरंभी सामना संपवून घराकडे निघालेली फुटबॉलची गर्दी भेटते. ब्रडर्सफर्ड हे गाव काल्पनिक, पण गर्दी खरी आहे. चपट्या टोप्या घातलेले हे कष्टकरी पुरुष शिलिंगभर पैसे मोजून आठवड्याच्या जगण्यातून काही तास सुटका करून घेतात. ही सगळी माणसे त्याच गावची आहेत. पायी किंवा ट्रामने ती घरी पोचतील आणि चहाला बसतील. कादंबरी वाचताना आम्हांला नेहमी एक प्रश्न पडत आला आहे: समोरच्या संघाबरोबर आलेले लोक कुठे गेले? त्यांची गाडी किती वाजता होती?

कादंबरीने याचे उत्तर देण्याचे कारण नव्हते, हे खरेच. पण इतरत्रही ते सहजी सापडत नाही. बी. एस. जॉन्सन यांच्या ‘द अनफॉर्च्युनेट्स’ (१९६९) या पेटीतल्या सुट्या प्रकरणांच्या कादंबरीत एक माणूस सामन्यासाठी आगगाडीने परक्या शहरात उतरतो खरा. पण तो वार्ताहर आहे. त्याचे भाडे वृत्तपत्र देते आणि त्याच्या मनात सामन्याऐवजी मेलेला मित्र आहे. स्वतःच्या खिशातून भाडे भरून आपल्या संघापाठोपाठ परगावी जाणारा जो सामान्य प्रेक्षक, त्याचा माग साहित्यापेक्षा रेल्वेच्या जाहिरातींत, पोलिसांच्या हुकुमांत आणि चौकशी समित्यांच्या अहवालांत अधिक लागतो. आणि अर्थातच त्याच्या स्वतःच्या तक्रारींत. गाडी उशिरा आली, तिकीट महाग होते, उभे राहायला जागा नव्हती, दारात तासभर अडवून ठेवले. या तक्रारींना आजवर कुणी फारसे गांभीर्याने घेतले नाही. आमच्या मते त्या इंग्लंडच्या सामाजिक इतिहासाचे एक साधन आहेत, आणि त्या वेळीच वाचल्या न गेल्याची किंमत फार मोठी होती.

फुटबॉलची इंग्लिश लीग १८८८ साली बारा क्लबांनिशी सुरू झाली, ती मुळात आगगाडीच्या बळावर. लँकेशायर आणि मिडलंड्स या भागांतल्या गिरण्या-कारखान्यांच्या गावांमध्ये लोहमार्गांचे दाट जाळे होते आणि शनिवारी दुपारी कामातून सुटी मिळू लागली होती. या दोहोंवाचून आठवड्याआड दुसऱ्या गावी जाऊन खेळणारी स्पर्धा चालली नसती. स्वस्त परतीच्या तिकिटांची ‘एक्स्कर्शन’ गाडी त्याआधीच रूढ झालेली होती. टॉमस कुक यांनी १८४१ मध्ये लेस्टरहून लफबरोला नेलेली गाडी तर दारूबंदीच्या सभेसाठी होती. पुढच्या काळात अशाच गाड्यांतून दारूच्या बाटल्यांसह जाणारे फुटबॉलचे लोक पाहून कुकसाहेबांना काय वाटले असते कोण जाणे!

१८८४ साली ब्लॅकबर्न रोव्हर्स हा लँकेशायरचा संघ एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यासाठी लंडनला आला. त्याच्या मागोमाग आलेल्या गिरणी-कामगारांचे लंडनच्या एका वृत्तपत्राने केलेले वर्णन इतिहासकार वारंवार उद्धृत करतात. त्या वर्णनात हे लोक म्हणजे ओबडधोबड कपड्यांची आणि विचित्र शिव्या देणारी एक उत्तरेकडली झुंड आहे. त्यांची तुलना सुदानी अरबांच्या टोळीशी केली आहे. त्या वर्षी सुदानात महदीचा उठाव चालू होता, हे ध्यानात घेतले म्हणजे उपमेचा रोख कळतो. वसाहतींतल्या माणसासाठी घडवलेली भाषा आपल्याच देशातल्या कामगारावर किती सहज उलटवता येते, याचा हा नमुना आहे. परगावचा प्रेक्षक स्टेशनावर उतरला तोच मुळी संशयित म्हणून.

तरीही पुढली काही दशके तो बऱ्यापैकी मोकळा होता. अंतिम सामन्याच्या वारीसाठी गावोगावी लोक आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवत, फाटकावर पैसे देऊन आत जात आणि आत कुठेही उभे राहत. १९२३ साली नव्या वेम्बली मैदानावरच्या पहिल्या अंतिम सामन्यात या पद्धतीची मर्यादा उघडी पडली. अधिकृत आकडा १,२६,०४७ असला, तरी आत शिरलेले लोक दोन लाखांच्या घरात असावेत असा अंदाज आहे. घोडेस्वार पोलिसांनी गर्दी मागे रेटून खेळपट्टी मोकळी केली तेव्हा कुठे सामना सुरू झाला. त्यानंतर अंतिम सामन्याला आगाऊ तिकीट आवश्यक झाले. व्यवस्था आली तशी वाटपाची कुरकुरही आली. पुष्कळ तिकिटे देशभरच्या फुटबॉल-संघटनांकडे जात, खेळणाऱ्या दोन क्लबांच्या समर्थकांना उरलेला वाटा मिळे, आणि काळा बाजार तेजीत चाले. फुटबॉलच्या तिकिटांची अनधिकृत विक्री हा गुन्हा ठरायला मात्र १९९४ साल उजाडावे लागले.

पैशांच्या संबंधात एक बारीकसा बदल येथे नोंदवायला हवा. लीगच्या सामन्यांत पूर्वी फाटकावरच्या उत्पन्नाचा काही भाग पाहुण्या क्लबाला मिळे. १९८३ साली ही पद्धत बंद झाली आणि सगळे उत्पन्न यजमानांकडे राहू लागले. मोठ्या क्लबांना हे हवेच होते. परंतु त्याचा एक परिणाम असा, की परगावी जाणाऱ्या प्रेक्षकाच्या तिकिटाशी त्याच्या स्वतःच्या क्लबाचा हिशेबी संबंध उरला नाही. आणि यजमानाच्या दृष्टीने तो असे गिऱ्हाईक झाला, की ज्याला दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नाही.

साठ आणि सत्तरच्या दशकांत मैदानांवरची मारामारी वाढली आणि परगावच्या प्रेक्षकाभोवती एकेक कुंपण उभे राहत गेले. ‘फुटबॉल स्पेशल’ गाड्यांना रेल्वेचे सर्वांत जुने डबे लागत. त्यांची मोडतोड होई, म्हणून आणखी जुने डबे लागत. १९७३ साली ‘लीग लायनर’ नावाची डिस्कोचा डबा असलेली गाडीही काढून पाहिली गेली. तो अपवादच म्हणायचा. एरवी स्टेशनावर पोलीस उभे असत, रांगेने मैदानापर्यंत नेत, गजांच्या पिंजऱ्यात उभे करीत आणि सामना संपल्यावर यजमानांची गर्दी पांगेपर्यंत आत डांबून ठेवीत. १९८५ च्या कायद्याने सामन्यासाठी खास ठरवलेल्या गाड्यांमध्ये मद्य बाळगण्यासही बंदी केली. १९८६ पासून ल्यूटन क्लबाने तर चार वर्षे परगावच्या समर्थकांना मैदानात घेतलेच नाही. आधीच्या वर्षी मिलवॉलच्या लोकांनी तेथे घातलेल्या धुडगुसाची ही प्रतिक्रिया होती.

परगावचा प्रेक्षक निर्दोष होता असे आम्हांला म्हणायचे नाही. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेसेल मैदानावर लिव्हरपूलचे समर्थक युव्हेंटसच्या समर्थकांवर धावून गेले, भिंत कोसळली आणि ३९ माणसे मेली. हा गुन्हा होता आणि त्याबद्दल शिक्षाही झाल्या. परंतु तेथेही ‘तटस्थ’ म्हणून विकलेला भाग लिव्हरपूलच्या लोकांना लागूनच होता आणि त्याची तिकिटे पुष्कळ इटालियनांच्या हाती गेली होती, मैदान मोडकळीला आलेले होते, या गोष्टी हल्ल्याच्या बातम्यांत बुडाल्या.

१५ एप्रिल १९८९ चा हिल्सबरोचा सामना वेगळा होता. शेफील्डमधले हे मैदान लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या दोघांनाही परकेच. म्हणजे त्या दिवशीचे सगळेच प्रेक्षक परगावचे. दोन्ही बाजूंचे लोक रस्त्यात एकमेकांसमोर येऊ नयेत, म्हणून कोण कोणत्या दिशेने शहरात येणार यावरून मैदानाची वाटणी झाली. लिव्हरपूलचा समर्थकवर्ग मोठा, तरी त्याला लेपिंग्ज लेनचे लहान टोक आणि सुमारे २४ हजार तिकिटे मिळाली; फॉरेस्टला २८ हजारांहून अधिक. त्याबद्दल लिव्हरपूलने आदल्या वर्षीही तक्रार केली होती, कारण १९८८ चा उपांत्य सामना याच दोन संघांत याच मैदानावर झाला होता. त्या टोकाला जीव गुदमरल्याचे सांगणारे प्रेक्षकही होते. १९८१ मध्ये तेथेच चेंगराचेंगरीत ३८ जण जखमी झाले होते.

आता एक साधा हिशेब करून पाहू. लेपिंग्ज लेनच्या उभ्या जागेची १०,१०० तिकिटे होती आणि त्यांच्यासाठी फिरती फाटके सात. म्हणजे एका फाटकातून सुमारे १,४४० माणसे जायची. दर पाच सेकंदांना एक माणूस आत गेला, कुणी अडखळले नाही, कुणाचे तिकीट खिशात शोधावे लागले नाही, तरी या कामाला दोन तास लागतात. त्या दिवशी लिव्हरपूलहून येणाऱ्या रस्त्यावर दुरुस्तीची कामे चालू होती. सामना तीनला सुरू होणार आणि अडीचच्या सुमारास हजारो लोक दाराबाहेर, यात आश्चर्य वाटण्यासारखे काहीच नाही. बाहेर माणसे चिरडू लागली तेव्हा पोलिसांनी २ वाजून ५२ मिनिटांनी एक मोठे दार उघडले. आत आलेल्यांना समोरचाच बोगदा दिसला. तो आधीच भरलेल्या मधल्या पिंजऱ्यांत उतरत होता आणि तो बंद करण्याची आठवण कुणाला झाली नाही. सामना ३ वाजून ६ मिनिटांनी थांबवला गेला. मृतांची संख्या पुढे ९६ झाली. त्या दिवशीच्या इजांनी खंगलेल्या आणखी एकाचा २०२१ मध्ये मृत्यू झाला तेव्हा ती ९७ झाली.

आणि मग १८८४ चीच भाषा परतली. दार प्रेक्षकांनी फोडले, असे बंदोबस्ताच्या प्रमुखाने सांगितले. ते खोटे होते. लोक उशिरा आले, दारू पिऊन आले, बिनतिकीट आले, ही वाक्ये वृत्तपत्रांतून गेली. चार दिवसांनी एका मोठ्या खपाच्या दैनिकाने मेलेल्यांचे खिसे लुटल्याचा आरोपही पहिल्या पानावर छापला. न्यायमूर्ती टेलर यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिलेल्या अंतरिम अहवालात मुख्य कारण पोलिसांचे नियंत्रण सुटणे हे होते, असे स्वच्छ लिहिले. तरीही कुटुंबांना आणखी २७ वर्षे लढावे लागले. २०१२ च्या स्वतंत्र मंडळाने दाखवून दिले की पोलिसांची १६४ निवेदने बदलली गेली होती आणि त्यांपैकी ११६ निवेदनांतून पोलिसांवरची टीका काढून टाकली होती. २०१६ च्या मृत्यू-चौकशीत ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा ठरवले आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता असे सांगितले. संहितेच्या पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्या आमच्यासारख्यांनी तरी ते ११६ पाठभेद विसरू नयेत.

टेलर यांच्या १९९० च्या अंतिम अहवालानंतर पिंजरे गेले आणि वरच्या श्रेणींच्या मैदानांत सर्वांना खुर्च्या आल्या. मरणाची भीती कमी झाली, आणि त्याबरोबर दर वाढले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग आणि उपग्रह-दूरचित्रवाणी एकत्रच आली. सामना शनिवारी तीनला, ही गिरणीच्या भोंग्याने ठरवलेली वेळ मोडली. तो सोमवारी रात्री आठला होऊ लागला. आठचा सामना दहाला संपतो आणि बहुतेक लांबच्या शहरांकडे तेव्हा शेवटची गाडी निघून गेलेली असते. दूरचित्रवाणीसाठी तारीख बदलली, की आधी स्वस्तात काढलेले रेल्वेचे तिकीट वाया. रेल्वेच्या खाजगीकरणानंतर जुने राखीव डबेही मोडीत निघाले आणि फुटबॉल स्पेशल जवळजवळ संपल्या.

जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावरच्या सामन्यासाठी मँचेस्टर सिटीच्या समर्थकांना ६२ पौंड मागितले गेले. तीन हजारांपैकी ९१२ तिकिटे खपली नाहीत, ती परत गेली. सामना संपल्यावर एका सहायक पंचाने सिटीच्या खेळाडूंना, त्या लोकांनी ६२ पौंड मोजले आहेत, त्यांना जाऊन भेटा, असे सुचवले. ते वाक्य ध्वनिमुद्रित झाले. त्याच महिन्यात समर्थकांच्या राष्ट्रीय संघटनेने २० पौंडांची मर्यादा मागणारी मोहीम सुरू केली. २०१६–१७ पासून प्रीमियर लीगने परगावच्या तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा घातली. वीस मागितले, तीस मिळाले. तरी आमच्या समजुतीप्रमाणे तक्रारीचे नियमात रूपांतर होण्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

पोलिसांची रीत मात्र सावकाश बदलते. २०१२–१३ च्या हंगामात ब्लॅकबर्न आणि बर्नली यांच्या सामन्यांना परगावच्या प्रत्येक प्रेक्षकाने ठरलेल्या बसमधूनच यायचे, अशी सक्ती होती. ही गावे एकमेकांपासून दहा-बारा मैलांवर आहेत. १८८४ साली ब्लॅकबर्नचा गिरणी-कामगार आपल्या मर्जीने लंडनला जाऊन आला होता. त्याच्या वंशजाला शेजारच्या गावी स्वतःच्या गाडीने जाता आले नाही.

२८ मे २०२२ रोजी लिव्हरपूल आणि रेआल माद्रिद यांचा युरोपीय अंतिम सामना पॅरिसजवळच्या सेंट डेनिस येथे झाला. उपनगरी गाडीच्या एका मार्गावर संप होता, त्यामुळे गर्दी दुसऱ्या मार्गावर वळली आणि तेथून एका अरुंद वाटेत अडकली. अश्रुधूर सोडला गेला. सामना ३६ मिनिटे उशिरा सुरू झाला आणि त्याचे कारण मैदानातल्या फलकावर लिहिले होते: प्रेक्षक उशिरा आले. मग फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी तीस ते चाळीस हजार लोक बनावट तिकिटे घेऊन किंवा बिनतिकीट आल्याचे सांगितले. युरोपीय फुटबॉल संघटनेनेच नेमलेल्या स्वतंत्र समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये हा आकडा निराधार ठरवला आणि मुख्य जबाबदारी खुद्द त्या संघटनेवर टाकली.

त्या वाटेत अडकलेल्यांत हिल्सबरोमधून वाचलेले काही लोकही होते. आता पन्नाशी-साठीत असलेल्या या माणसांना, पुढे भिंत आणि मागे वाढती गर्दी म्हणजे काय, हे सांगावे लागले नाही. त्या संध्याकाळी कुणी मेले नाही, याचे श्रेय समितीने बंदोबस्ताला दिले नाही. रेटारेटी न करता उभ्या राहिलेल्या प्रेक्षकांना दिले.