आक्षेपार्ह प्रतिमा, प्रसारमाध्यमे आणि ज्यूविरोधाचा आरोप : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
प्रतीकाचा अर्थ ते घडविणाऱ्याच्या मनात असतो, तसाच तो पाहणाऱ्याच्या स्मृतीतही असतो. त्यामुळे निर्मात्याच्या ध्यानीमनी नसलेला अर्थ एखाद्या चित्रात दिसतो, वृत्तपत्रांतून संताप व्यक्त होतो आणि ज्यूविरोधाचा आरोप केला जातो. अशा वेळी हेतू होता की नव्हता, एवढ्यावरच चर्चा अडते. ती अपुरी कशी आहे, हे काही घटनांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
स्वस्तिक सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर आढळते. हिंदू, बौद्ध व जैन या तिन्ही परंपरांत ते मंगलसूचक आहे. १८७० च्या दशकात हाइनरिश श्लीमान यांना ट्रॉयच्या उत्खननात हे चिन्ह सापडले आणि पुढे युरोपात त्याची सांगड तथाकथित 'आर्य' वंशाशी घातली गेली. नाझी पक्षाने १९२० मध्ये ते आपल्या ध्वजावर घेतले. १९३५ मध्ये तोच जर्मनीचा राष्ट्रध्वज झाला. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनीतील ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा लावण्याची सक्ती झाली. या राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. ही स्मृती लक्षात घेतल्याशिवाय नंतरच्या संतापाचे आकलन होत नाही.

घटनांचे तीन प्रकार :
पहिला प्रकार निव्वळ योगायोगाचा. कॅलिफोर्नियातील कोरोनाडो येथील नौदल तळावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस उभारलेल्या चार इमारती आकाशातून नाझी चिन्हासारख्या दिसतात. उपग्रहचित्रे सर्वांना उपलब्ध झाल्यावर टीका वाढली आणि २००७ मध्ये नौदलाने तो आकार झाकण्यासाठी ६ लाख डॉलरपर्यंत खर्चाची तयारी दर्शविली.

दुसरा प्रकार सांस्कृतिक सीमा ओलांडण्याचा. १९९९ मध्ये निन्टेन्डो कंपनीने जपानमधील एका पोकेमॉन पत्त्यावरील 'मान्जी' हे बौद्ध चिन्ह अमेरिकेतील आक्षेपानंतर मागे घेतले. २००७ मध्ये झारा कंपनीच्या एका हातपिशवीवर स्वस्तिक आढळल्याने ब्रिटनमध्ये वाद झाला. पिशवी भारतातील पुरवठादाराकडून आली होती व मंजूर केलेल्या नमुन्यात ते चिन्ह नव्हते, असे कंपनीने सांगितले. मात्र २०१४ मध्ये याच कंपनीने पट्ट्यापट्ट्यांचा, पिवळा तारा असलेला लहान मुलांचा सदरा विक्रीस आणला. तारा 'शेरीफ'चा होता. पाहणाऱ्यांना छळछावणीतील गणवेश आठवला. कंपनीने माफी मागून तो सदरा मागे घेतला.

तिसरा प्रकार अधिक गंभीर आहे. जानेवारी २००२ मध्ये 'न्यू स्टेट्समन' या ब्रिटिश साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ब्रिटनच्या ध्वजात रुतलेला सोनेरी दाविदाचा तारा आणि ज्यू कटाविषयी प्रश्न विचारणारे शीर्षक होते. संपादक पीटर विल्बी यांनी पुढच्याच महिन्यात दिलगिरी व्यक्त केली. येथे द्वेषाचा हेतू नव्हता असे मानले, तरी 'ज्यू राष्ट्रांवर गुप्तपणे ताबा मिळवितात' या जुन्या अपप्रचाराची भाषाच त्या चित्राने उचलली होती. याच अपप्रचाराचा आधार असलेले 'प्रोटोकॉल्स' बनावट असल्याचे लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ मध्येच दाखवून दिले होते.

महाराष्ट्राचा संदर्भ :
२००६ मध्ये खारघर येथील एका उपाहारगृहाला हिटलरचे नाव व नाझी चिन्ह देण्यात आले. भारतीय ज्यू समाजाने निषेध केल्यावर नाव बदलले गेले. येथे चिन्ह मंगल स्वस्तिक नव्हते, हिटलरच्या नावासह आलेले होते; म्हणून 'आपल्या परंपरेचे चिन्ह' हा बचाव लागू पडत नाही. कोकणातील 'शनवार तेली' म्हणजे बेने इस्रायल समाज स्वस्तिक रेखाटणाऱ्या शेजाऱ्यांसोबत पिढ्यान्‌पिढ्या राहिला. त्याचा आक्षेप स्वस्तिकाला नव्हता, हत्याकांडाच्या विस्मरणाला होता.

समारोप :
या तिन्ही प्रकारांना प्रसारमाध्यमे एकाच मापाने मोजतात. त्यातून दोन हानी संभवतात : निर्दोष व्यक्तीवर कलंक लागतो आणि खऱ्या ज्यूद्वेषाविरुद्धच्या आरोपाची धार बोथट होते. मात्र 'हेतू नव्हता' हे उत्तर अज्ञानाचे समर्थन ठरू शकत नाही. विवेकाचा मार्ग उपलब्ध आहे. २००८ च्या जेरुसलेम येथील हिंदू-ज्यू धर्मनेत्यांच्या परिषदेने स्वस्तिकाचे प्राचीन मांगल्य मान्य केले; ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हावर बंदी घालताना धार्मिक वापर वगळला. भेद करणे हेच इतिहासाच्या अध्यापनाचे कार्य होय. ते वर्गात झाले नाही, तर त्याची जागा मथळे घेतील.