दोन प्रतींचा खप, तीन अभिप्राय

स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापणे ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. निवृत्त शिक्षक, एखादी संसारी भगिनी, गावच्या आठवणी जपणारा एखादा वृद्ध यांनी पोटाला चिमटा काढून काढलेली छोटी पुस्तके आपल्या अनेक घरांत आढळतात. प्रकाशनाच्या दिवशी शाल-श्रीफळ होते, हार होतात, चार गौरवाची भाषणे होतात. त्यानंतर गठ्ठे कपाटात जातात. नियतकालिकांकडे 'अभिप्रायार्थ' म्हणून प्रती रवाना होतात आणि बहुधा 'साभार पोच' या सदरात पुस्तकाचे नाव, पृष्ठे व किंमत एवढेच छापून येते. पुस्तक कोणी वाचले काय, वाचून त्याला काय वाटले, हा लेखकाचा खरा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

हा प्रश्न किती जुना आहे आणि त्याच्या उत्तरावर किती काही अवलंबून असते, हे दाखविणारी एक कथा इंग्रजी साहित्याच्या इतिहासात आहे. ती घडली तीही एका धर्मगुरूच्या घरात. म्हणून ती वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात हॉवर्थ नावाचे गाव आहे. तेथे 1820 पासून पॅट्रिक ब्राँटे हे अँग्लिकन धर्मगुरू सेवा करीत होते. तरुणपणी त्यांनीही कवितांची पुस्तके प्रसिद्ध केली होती. त्यांच्या शार्लट, एमिली आणि ॲन या तीन मुली बालपणापासून लिहीत असत. परंतु स्त्रीने लेखिका होणे त्या काळी सहज मानले जात नव्हते. डिसेंबर 1836 मध्ये शार्लटने आपल्या कविता त्या वेळचे राजकवी रॉबर्ट सदी यांच्याकडे पाठविल्या, तेव्हा साहित्य हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही, असा उपदेश त्यांनी मार्च 1837 मधील उत्तरात केला होता.

1845 च्या शरद ऋतूत एमिलीच्या कवितांची वही अवचित शार्लटच्या हाती पडली. आपले खासगी लेखन बहिणीने वाचले याचा एमिलीला फार राग आला. तिची समजूत घालण्यास बराच अवधी लागला. मग ॲननेही आपल्या कविता पुढे केल्या आणि तिघींचा मिळून एक संग्रह काढण्याचे ठरले. त्यांच्या मावशी एलिझाबेथ ब्रॅनवेल 1842 साली वारल्या होत्या. त्यांनी भाच्यांसाठी ठेवलेल्या पैशातून खर्च भागवावयाचा होता. नावे मात्र बदलली. शार्लट झाली करर बेल, एमिली एलिस बेल आणि ॲन ॲक्टन बेल. ही नावे पुरुषाची की स्त्रीची, हे वाचणाऱ्याला कळू नये अशी योजना होती. लेखिकांकडे पूर्वग्रहाने पाहिले जाते, हे त्यांनी ओळखले होते.

जानेवारी 1846 मध्ये शार्लटने लंडनच्या पॅटर्नोस्टर रो येथील एलॉट अँड जोन्स या प्रकाशकांना पत्र लिहिले. पदराचा खर्च सोसण्याची तयारी दाखविल्यावर त्यांनी काम पत्करले. मार्चमध्ये 31 पौंड 10 शिलिंग रवाना झाले आणि पुढे आणखी काही रक्कम द्यावी लागली. कागद कोणता, टाइप कोणता, किंमत किती या साऱ्यांचा विचार शार्लटने पत्रांतून केला. मे 1846 मध्ये 165 पृष्ठांचे, 61 कवितांचे ते पुस्तक बाहेर पडले. किंमत चार शिलिंग होती.

येथून पुढचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अभिप्रायासाठी प्रती कोणाकडे पाठवावयाच्या, याची यादी शार्लटने स्वतः कळविली. तीत 'ब्लॅकवुड्स मॅगझीन', 'एडिंबरो रिव्ह्यू', 'डब्लिन युनिव्हर्सिटी मॅगझीन', 'डेली न्यूज' अशी त्या काळची मातब्बर नावे होती. जाहिरातीसाठी आरंभी दोन पौंडांहून अधिक खर्च करू नये, असेही तिने बजावले होते. पुस्तकाचा खप मासिकांतील अभिप्रायांवर अवलंबून राहील, जाहिरातींवर नव्हे, अशी तिची धारणा होती.

4 जुलै 1846 रोजी, एकाच दिवशी, 'क्रिटिक' आणि 'अथीनियम' या दोन साप्ताहिकांत परीक्षणे आली. 'क्रिटिक'ने मनमोकळी प्रशंसा केली. 'अथीनियम'च्या परीक्षकाने मात्र तिन्ही कवींना एका मापाने मोजले नाही. ॲक्टनच्या कवितांना आप्तांच्या मायेची सवलत हवी, असे त्याने सुचविले आणि एलिसच्या कवितांत खरी स्फूर्ती असल्याचे नोंदविले. हे बेल कोण, कोठले, याची त्याला कल्पना नव्हती. धर्मगुरूच्या मुली म्हणून त्याने भीड धरली नाही, स्त्रिया म्हणून उपदेशही केला नाही. ज्या एमिलीची वही तिच्या मनाविरुद्ध उघडली गेली होती, तिच्यातील सामर्थ्य एका अनोळखी वाचकाने केवळ छापील पानांवरून ओळखले. पुढे काळानेही तोच निवाडा कायम केला.

या अभिप्रायांमुळे शार्लटला धीर आला. तिने आणखी दहा पौंड जाहिरातीसाठी देऊ केले आणि 'क्रिटिक'मधील प्रशंसेचे शब्द जाहिरातीत घालावेत असे कळविले. ऑक्टोबरमध्ये 'डब्लिन युनिव्हर्सिटी मॅगझीन'मध्येही अनुकूल परीक्षण आले. तेव्हा तिने संपादकांना आभाराचे पत्र लिहिले.

आणि खप? वर्षभरात दोन प्रती! विकत घेणाऱ्यांपैकी वॉरिक गावच्या फ्रेडरिक एनॉक नावाच्या गृहस्थाने कवींच्या स्वाक्षऱ्या मागितल्या. तीन कल्पित नावांच्या त्या तीन स्वाक्षऱ्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. जून 1847 मध्ये भगिनींनी उरलेल्या प्रतींतील काही वर्ड्सवर्थ, टेनिसन, डी क्विन्सी अशा थोर साहित्यिकांना भेट पाठविल्या. सोबतच्या पत्रात आपल्या दोन प्रतींच्या खपाची हकीकत त्यांनी थोड्या विनोदानेच कळविली. पुढे 1848 साली स्मिथ, एल्डर या प्रकाशकांनी शिल्लक साठा विकत घेतला, तेव्हा एक हजारांपैकी 961 प्रती पडून होत्या.

व्यापाराच्या हिशेबाने पाहता ही परीक्षणे निष्फळ ठरली. परंतु दुसरा हिशेब मांडून पाहा. पुस्तकाची वार्ता भगिनींनी वडिलांनाही कळू दिली नव्हती. घरात पाठ थोपटणारे कोणी नव्हते. कौतुकाचा किंवा दोषाचा जो शब्द यावयाचा, तो त्रयस्थाकडूनच यावयाचा होता, आणि तो आला. 'अथीनियम' व 'क्रिटिक' यांच्या अंकांना दोन महिने होत नाहीत तोच, ऑगस्ट 1846 मध्ये, वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी शार्लट त्यांच्यासह मँचेस्टरला होती. तेथे तिची पहिली कादंबरी प्रकाशकाकडून साभार परत आली आणि त्याच मुक्कामात तिने 'जेन एअर' लिहावयास घेतली. अपयशाने आम्ही खचलो नाही, धडपडीनेच जगण्याला गोडी आणली, अशा आशयाचे तिने पुढे 1850 साली लिहिले आहे. 'जेन एअर' ऑक्टोबर 1847 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एमिलीची 'वदरिंग हाइट्स' आणि ॲनची 'ॲग्नेस ग्रे' बाहेर पडल्या. त्यांसाठीही दोघींना प्रकाशकाकडे पन्नास पौंड भरावे लागले होते. एमिली 1848 च्या आणि ॲन 1849 च्या मृत्युपंक्तीत बसल्या. तीन परीक्षणे आली नसती तर या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या नसत्या, असे आम्ही म्हणत नाही. ती मिळाली आणि लेखण्या थांबल्या नाहीत, एवढे मात्र निश्चित.

अभिप्राय येईना, तर लेखकाने काय करावे? याचे एक उत्तर अमेरिकेत वॉल्ट व्हिटमनने दिले. 1855 च्या जुलैत त्याने ब्रुकलिन येथे 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' हा बारा कवितांचा संग्रह स्वखर्चाने काढला. इमर्सन यांनी 21 जुलै रोजी त्याला गौरवाचे खासगी पत्र पाठविले. व्हिटमनने ते त्यांच्या अनुमतीवाचून वृत्तपत्रात छापू दिले आणि 1856 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातील एक वाक्य ग्रंथाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत उमटविले. एवढ्यावरच तो थांबला नाही. 'युनायटेड स्टेट्स रिव्ह्यू', 'अमेरिकन फ्रेनॉलॉजिकल जर्नल' आणि 'ब्रुकलिन डेली टाइम्स' या तीन नियतकालिकांत त्याने आपल्याच पुस्तकाची निनावी परीक्षणे लिहिली! ग्रंथ थोर होता, यात शंका नाही. परंतु वाचकाला फसवून मिळविलेली साक्ष ही साक्ष नव्हे. त्याच्या पदरी एक गोष्ट मात्र बांधली पाहिजे. दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटी त्याने परीक्षणे छापली, तेव्हा त्यांत कडाडून निंदा करणारीही घेतली. प्रतिकूल शब्द लपविण्याची त्याला गरज वाटली नाही.

या दोन कथांतून एक गोष्ट स्पष्ट होते. लेखकाला भूक असते ती स्तुतीची नव्हे, साक्षीची. आपण जे लिहिले ते कोणा परक्याने मन लावून वाचले, याची त्याला खूण हवी असते. ती न मिळाली तर कोणी हताश होऊन लेखणी ठेवतो, कोणी व्हिटमनसारखी स्वतःच साक्ष देऊ लागतो. आपल्याकडे तिसरा प्रकार अधिक: ओळखीचा माणूस प्रस्तावनेत आणि व्यासपीठावर अवघे गोड बोलतो आणि पुस्तक न उघडताच घरी नेतो. ॲक्टन बेलला मायेची सवलत नको होती. आपल्या लेखकांनाही ती नको असावी.

म्हणून वाचकांना आमची एक सूचना आहे. आपल्या धर्मग्रामातील कोणी पुस्तक काढले, तर प्रत भेट मागू नये, विकत घ्यावी. ती वाचावी. मग एका पोस्टकार्डावर मावेल एवढेच लिहावे: अमुक पानावरील अमुक गोष्ट मनाला भिडली, अमुक ठिकाणी लेखन सैल पडले. खाली आपले नाव घालावे आणि ते लेखकाला पाठवावे, एक प्रत संपादकांनाही द्यावी. हॉवर्थच्या त्या तीन मुलींना वर्षभरात खरेदी करणारे दोनच भेटले. पण नीट वाचणारे तीन भेटले. आपल्या गावच्या लेखकाला त्यांतला निदान एक तरी मिळावा.