मखरात कोण बसत असे?

धागा : सणाची सजावट, पनवेलचा रस्ता आणि एका चौकटीचा इतिहास.

श्रावण सरत आला की पनवेलच्या बाजारपेठेत मखरे टांगली जातात. पुठ्ठ्याची, कापडाची, बांबूची. घडी घालून पिशवीत मावणारी, चतुर्थीच्या आदल्या रात्री उघडायची आणि विसर्जनानंतर पुन्हा माळ्यावर टाकायची. यंदा कोणता रंग चालतो आणि कोणते देऊळ, यावर घराघरांत वाद झडतात. सजावटीची ही हौस नवी नाही. मात्र ज्या चौकटीभोवती ती फिरते, त्या मखराचा इतिहास आपल्याला वाटतो तितका निरागसही नाही.

प्रथम शब्दाकडे पाहू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. त्यात मखराचा अर्थ साधारण असा दिला आहे : शोभिवंत रीतीने सजवलेली चौकट. ती कोणासाठी? देवमूर्तीसाठी, आणि प्रथमच ऋतुमती झालेल्या मुलीसाठी.

या दुसऱ्या उत्तराशी आज बहुतेक वाचक थबकतात. त्याकडे आपण येणारच आहोत; तत्पूर्वी चौकट कशाची असे ते पाहू.

कोकणातील जुन्या घरात ओटी, पडवी, माजघर अशी रचना असे. गणपती ओटीवर किंवा माजघरात, चौरंगावर अथवा भिंतीतल्या कोनाड्यात बसत. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, वर आंब्याचे टाळे, मध्ये झेंडूच्या माळा, की मखर झाले. सिंधुदुर्गात आजही अनेक घरांत गणपतीमागची भिंत दरवर्षी नव्याने रंगवतात. घरातला हात धरण्याजोगा चित्रकार त्या आठवड्यात भाव खाऊन जातो.

दक्षिण कोकण आणि गोव्यात खरी शोभा मूर्तीच्या मागे नसते, ती डोक्यावर असते. सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात, गोव्यात माटोळी. लाकडी पट्ट्यांची चौकट आढ्याला टांगायची आणि तिला रानातली, परसातली फळे बांधायची : नारळाची पेंड, सुपारीचा घड, तोरिंजन, निरफणस, आंबाडे, लालभडक कवंडळ आणि कितीतरी रानवेली. यातली निम्मी नावे शहरातल्या मुलांना ठाऊक नसतात. माटोळी बांधणाऱ्या घरातल्या मुलांना मात्र ती ठाऊक असतात, कारण फळ कोणत्या झाडावर आणि कोणत्या डोंगरउतारावर मिळेल हे शोधायला त्यांनाच पाठवलेले असते. गोव्याचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते. माझ्या मते वनस्पतिशास्त्राचा याहून सुंदर वार्षिक तास दुसरा नाही.

पनवेलमध्ये आणखी एक मांडव आहे आणि तो फारसा कोणी पाहिलेला नाही. शहरात बेने इस्रायल समाजाचे बेथ एल हे सिनेगॉग आहे, १८४९ सालचे. हा समाज मराठी बोलणारा, कोकणात शतकानुशतके राहिलेला आणि तेल गाळण्याचा धंदा करणारा होता. शनिवारी घाणा बंद ठेवी म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पनवेलकर, पेणकर, किहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच आली.

त्यांच्या सणांची जुनी मराठी नावे हायिम सॅम्युअल किहीमकर यांनी आपल्या इतिहासग्रंथात नोंदवून ठेवली आहेत : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण. ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिला गेला आणि छापला गेला तो थेट १९३७ मध्ये, तेल अवीवला. बाहेरच्या ज्यू समाजांशी संबंध वाढले तसा सुक्कोथ हा सणही त्यांच्यात नियमित रुजला. त्यासाठी उभारायच्या मांडवाचे छप्पर तोडलेल्या फांद्या-झावळ्यांचेच हवे आणि त्यातून आकाश दिसायला हवे, असा धर्मनियम आहे. कोकणात झावळ्यांना काय तोटा! वर नारळाच्या झावळ्या आणि खाली लोंबती फळे. गणपती जाऊन काही आठवडे होतात न होतात तोच, कोकणातल्या सिनेगॉगच्या आवारात असा मांडव उभा राहतो. त्याची आणि माटोळीची उत्पत्ती एक नाही, तसा दावा कोणी करू नये. पण पाऊस ओसरताना हातात जे पीक येते ते टांगून देवाला दाखवावे, ही इच्छा दोन्ही छपरांखाली सारखीच आहे.

आता कागदाकडे. पनवेल हे बंदर होते. मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी आधी होडीने पनवेलच्या खाडीत उतरे आणि तिथून घाटाच्या वाटेला लागे. १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि बैलगाड्यांची रांग सुरू झाली. पनवेलचे सुतार गाड्यांची चाके बनवण्यात इतके वाकबगार होते, की देशावर क्वचितच अशी गाडी सापडेल जिचे चाक पनवेलचे नाही, असे ब्रिटिशकालीन गॅझेटियर सांगते. १८५२ मध्ये इथे नगरपालिका आली. १८६३ मध्ये बोरघाटातली रेल्वे पूर्ण झाली आणि या वाहतुकीचे तेज उतरले.

याच वाटेने मुंबईचा माल वर जात असे आणि मुंबईच्या माळ्यांवर आलेला विलायती माल त्यात असे. घोटीव कागद, पतंगी कागदाचे ताव, बेगड, काचेच्या हंड्या. केळीच्या खुंटाशेजारी कागदी जाळ्या आल्या. खळ शिजवायची, ताव दुमडून कात्रीने नक्षी कापायची आणि रात्रभर चिकटवत बसायचे. १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आता चार आण्याची ऐपत असलेल्या घरातही रंगीत लक्ष्मी-सरस्वती भिंतीवर आल्या. मखराची पाठ सजवण्यासाठी चितारी बोलावण्याची गरज उरली नाही.

आणि आता ती मुलगी.

बालविवाह झालेल्या मुलीला सासरी प्रथम ऋतू प्राप्त झाला, की तिला न्हाण आले असे म्हणत. उच्चवर्णीय घरांत आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या अनेक समाजांत तिला मखरात बसवीत. केळीचे खुंट तेच, आंब्याचे टाळे तेच, कागदी फुलेही तीच. हिरवी साडी, अंगभर दागिने, केसांत फुले. आळीतल्या बायका ओटी भरायला येत, गाणी म्हणत. ऐपतदार घरी वाजंत्री लागत. त्यानंतर फलशोभन, म्हणजे गर्भाधानाचा विधी. मुलीचे वय बारा, तेरा, कधी त्याहूनही कमी.

त्या सजावटीकडे आपण आज कसे पाहावे? बायकांच्या दृष्टीने तो आनंदाचा सोहळा होता. मुलीचे कौतुक होई, माहेरची माणसे येत, घरकामातून चार दिवस सुटका मिळे. हे सारे खरे आहे. परंतु ते मखर एक जाहीर सूचनाही होते. या मुलीचे शरीर आता संसाराला योग्य झाले, असे ते आळीला सांगत होते. तिला हे आळीला सांगायचे आहे का, हे कोणी विचारीत नसे.

विचारणारे लोक १८८० च्या दशकात पुढे आले. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि लादलेले वैधव्य यांवर आपली टिपणे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मुंबईत दादाजी भिकाजी याने पत्नी रखमाबाई हिला नांदायला आणण्यासाठी दावा लावला. अकराव्या वर्षी आपल्या संमतीविना झालेला विवाह आपल्याला बंधनकारक नाही, ही तिची भूमिका होती. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा अथवा सहा महिने तुरुंगात जा असे फर्मावले, तेव्हा तिने तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. पुढे ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली.

बंगालमध्ये फुलमणी दासी या अकरा वर्षांच्या आसपासच्या मुलीचा पतीच्या संभोगामुळे मृत्यू झाला. १८९० मध्ये तो खटला गाजला आणि जानेवारी १८९१ मध्ये संमतिवयाचे विधेयक मांडले गेले. १८६० च्या दंडसंहितेत ठरवलेले वय दहा होते, ते बारा करायचे, एवढीच तरतूद. आज आपल्याला बारा हा आकडाही अंगावर काटा आणतो. तेव्हा महाराष्ट्र त्यावरून दुभंगला.

वादाचा गाभा मखराशी येऊन भिडत होता. सनातनी पक्ष म्हणे, प्रथम ऋतूनंतर सोळा दिवसांत गर्भाधान व्हायला हवे अशी शास्त्राज्ञा आहे. बाराव्या वर्षाआधी ऋतू आला तर कायदा धर्मकृत्याच्या आड येतो. रा. गो. भांडारकरांनी धर्मग्रंथांतली वचने काढून उत्तर दिले, की हा विधी लांबवण्यास शास्त्राचीच मुभा आहे. न्यायमूर्ती का. त्र्यं. तेलंगही विधेयकाच्या बाजूने होते. टिळकांनी ‘केसरी’तून कडाडून विरोध केला. परक्या सरकारने आमच्या सामाजिक बाबींत कायदे करू नयेत, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. १९ मार्च १८९१ रोजी कायदा संमत झाला.

आणि अवघ्या दोन-तीन वर्षांत, १८९३-९४ मध्ये, गणपती घरातल्या मखरातून चौकातल्या मांडवात आला. त्यामागे ‘केसरी’चीच लेखणी होती.

इथे उतावीळ वाचक म्हणेल, म्हणजे मुलीचे मखर हरले म्हणून देवाचे मखर मोठे केले का? असे सरळ समीकरण मांडण्याचा मोह मलाही आवरावा लागतो. १८९३ च्या ऑगस्टमधली मुंबईची दंगल, काँग्रेसमधले मवाळ-जहाल मतभेद, पुण्यातल्या तालमी आणि मेळे अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. कालक्रम म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. एवढे मात्र निश्चित, की ज्या पिढीने घरातल्या सजवलेल्या चौकटीवर वाद घातला, त्याच पिढीने सजवलेली चौकट रस्त्यावर आणली. आणि दोन्ही वेळा प्रश्न एकच होता, घरातले काय जाहीर व्हावे आणि ते कोणी ठरवावे.

मुलीचे मखर एका फटक्यात गेले नाही. १९२९ चा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला आणि मुलीच्या लग्नाचे वय चौदा झाले. खरे काम मात्र शाळेने केले. मुली शिकू लागल्या, लग्ने लांबली, आणि ऋतू माहेरीच येऊ लागल्यावर सासरच्या मखराला निमित्तच उरले नाही. त्याच्या खुणा डोहाळजेवणात दिसतात : फुलांची वाडी, झोपाळा, कागदी चंद्र. भाषेत तर तो वाक्प्रचार अजून ताजा आहे. ‘स्त्रीला मखरात बसवू नका, माणूस म्हणून वागवा,’ असे आपण व्याख्यानांत ऐकतो. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला बहुधा मूर्तीचे मखर अभिप्रेत असते.

बाकी कहाणी थोडक्यात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थर्मोकोल आले. हे मूळचे एक व्यापारी नाव. वस्तू म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन, ज्यात बहुतांश हवाच असते. दूरचित्रवाणी संच आणि फ्रिजच्या खोक्यांतून ते घरात शिरले. तापलेल्या तारेने कापले की लोण्यासारखे कापले जाते, हलके असते, पांढरेशुभ्र दिसते. अष्टविनायकांपासून ताजमहालापर्यंत सगळे त्यात झाले. कोकणातल्या ओटीची जागा सिडकोच्या सदनिकेतील दिवाणखान्याने घेतली होती आणि तिथे केळीचा खुंट रोवायला जमीन नव्हती. थर्मोकोलला जमीन लागत नाही. पण ते कुजतही नाही. तलावांच्या आणि खाडीच्या काठी विसर्जनानंतर त्याचे तुकडे साचत राहिले.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. गणपती तोंडावर आले होते. कारागिरांकडे माल तयार होता, पैसे अडकले होते. निदान त्या वर्षापुरती सूट मिळावी म्हणून थर्मोकोल सजावटकारांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. जुलैत न्यायालयाने नकार दिला. पर्यावरणाच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. तरीही वर्षभराची रोजी आठ-दहा आठवड्यांत कमावणाऱ्या माणसाला चार-पाच महिन्यांची सूचना पुरेशी नव्हती, हेही तितकेच खरे.

म्हणून आज पनवेलच्या बाजारात पुन्हा पुठ्ठा, कापड आणि बांबू. तीसेक किलोमीटरवरच्या पेणहून मूर्तींनी भरलेले टेम्पो याच शहरावरून मुंबई-पुण्याकडे जातात, जिथून कधी चाकांच्या जोड्या जात. कारखान्यात छापलेली नक्षी आणि घडीची चौकट असली, तरी वर आंब्याचा टाळा खोचायला आजी विसरत नाही.

वाचकहो, तुमच्या घरी या चौकटीला काय म्हणतात? मखर, मंडपी, माटवी, माटोळी, आरास? गावाच्या नावासह खाली लिहा. आणि घरात ऐंशी-नव्वदीची कोणी बाई असेल, तर तिच्या आईला किंवा आजीला मखरात बसवले होते का, हे तिच्या कलाने विचारून पाहा. पुढचा धागा आकाशकंदिलावर.